वंशावळ काढायची आहे? तहसीलला जाण्याआधी हे वाचा

वडील गेल्यानंतरच्या दुसऱ्या पितृपक्षात, महालयाला, गुरुजी एकेक नाव विचारत होते. वडील, आजोबा, पणजोबा. मग आजी. मग पणजी. तिथे मी अडलो. शेजारी बसलेल्या थोरल्या चुलत्यांकडे पाहिलं, त्यांनीही मान हलवली. माझ्या आजोबांना जिने वाढवलं तिचं नाव घरात एकालाही ठाऊक नव्हतं. गुरुजींनी नावाशिवाय विधी पुढे नेला, पण मला काही ते चैन पडू देईना. तेव्हापासून कागद शोधायला लागलो. आज सहा वर्षं झाली. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घराण्याच्या आठ पिढ्या लागल्या आहेत आणि प्रत्येक दुव्याला कागदाचा आधार आहे.

या सहांपैकी दोन वर्षं मी भलत्याच माणसाला खापरपणजोबा समजत होतो. कुठला कागद कुठे मिळतो, त्यात काय सापडतं आणि काय सापडत नाही, हे सांगणारं कुणी भेटलं असतं तर ती वाया गेली नसती. म्हणून हे सविस्तर लिहितोय. तुम्ही जातीच्या दाखल्यासाठी शोधत असाल, वारसाच्या कामासाठी किंवा नुसत्या ओढीने. वाट बरीचशी एकच आहे. घरातल्या कुणाचं नाव मी इथे दिलेलं नाही, भाऊबंदांशी तसं ठरलं आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं धरू नका. माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव आणि जमीन, या चारांपैकी निदान तीन गोष्टी दोन वेगवेगळ्या कागदांत सारख्या आल्या, तरच दुवा पक्का.

१. आधी घरातली म्हातारी माणसं

कागद थांबतील, माणसं थांबत नाहीत. पहिले दोन महिने फक्त यांच्यासाठी ठेवा. आणि "खापरपणजोबांचं नाव काय?" असं थेट विचारू नका. "कुणास ठाऊक बाबा" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी हे विचारा: कुणाच्या घरी मयत झालं की आपल्याला दहा दिवस सुतक असतं आणि कुणाच्या घरचं तीन दिवस? पालखीचा, होळीच्या पोळीचा, बेंदराच्या बैलाचा मान भावकीत कुणाकडे आणि का? लग्नात देवक कोणतं? गाव सोडून गेलेलं घर कोणतं आणि कुठे गेलं?

सुतकाच्या प्रश्नाने मला जेवढं दिलं तेवढं एकाही सरकारी कागदाने सुरुवातीला दिलं नाही. भावकीच्या तीन आळ्यांपैकी कोण आपल्या किती जवळचं, हे त्यातून अर्ध्या तासात कळलं.

आत्यांना विचारायला विसरू नका. माझा अनुभव असा की पुरुषांना जमिनीची आठवण राहते आणि बायकांना माणसांची. कोण कुणाच्या घरी दिली, कुणाला मुराळी कोण गेलं, कुणाची पहिली बायको बाळंतपणात गेली, हे माझ्या वडिलांच्या चुलत आत्याला वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तोंडपाठ होतं. फोनवर आवाज भरून घ्या. लिहीत बसलात की समोरचा माणूस थांबून थांबून बोलतो.

मग घरातली पत्र्याची ट्रंक उघडा. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, सोसायटीच्या पावत्या, शाळेचे दाखले, जन्मपत्रिका, लग्नपत्रिका. पोथीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मुलांचे जन्म टिपून ठेवायची पद्धत कित्येक घरांत होती, तेव्हा पोथ्याही चाळा. जुना कागद लॅमिनेट करू नका, त्याला चिकटपट्टी लावू नका. सपाट करून सुती कापडात ठेवा आणि दिवसाच्या उजेडात फोटो काढा.

२. गावाचा जुना पत्ता पक्का करा

तुमचं गाव आज ज्या तालुक्यात, जिल्ह्यात आहे तिथे शंभर वर्षांपूर्वी असेलच असं नाही. सिंधुदुर्ग १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला, जालना त्याच वर्षी औरंगाबादमधून, लातूर १९८२ साली उस्मानाबादमधून. जुनी दप्तरं काही वेळा मूळ जिल्ह्यातच राहिलेली असतात. कोयनेच्या धरणाखाली गेलेल्या गावांतली माणसं ठाणे-रायगडपर्यंत वसवली गेली. त्यांनी आताच्या गावात शोधून उपयोग नाही.

आणखी एक बघा, तुमच्या भागात तेव्हा राज्य कुणाचं होतं. सातारचं राज्य १८४८ साली इंग्रजांनी खालसा केलं, म्हणून आमच्याकडचे महसुली कागद मुंबई इलाख्याच्या धाटणीचे. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडे होता. तिथे उर्दू आणि मोडी कागद, फसली सन (महसुली कालगणना), आणि पुढे १९५० नंतरचे खासरा पत्रक व पाहणी पत्रक यांवर शोध चालतो. विदर्भ मध्य प्रांतात होता, तिथे कोतवाल पंजी आणि अधिकार अभिलेख पंजी या नावांनी विचारा. कोल्हापूर संस्थान १९४९ साली विलीन झालं, त्याचं दप्तर कोल्हापुरातच आहे. गोव्यातल्या मंडळींची वाट वेगळी आहे: पोर्तुगीज दप्तर पणजीच्या पुराभिलेखागारात, ख्रिस्ती घराण्यांसाठी चर्चमधली बाप्तिस्म्याची पुस्तकं, आणि गावकरी घराण्यांसाठी कोमुनिदादचे, म्हणजे गावकरी संस्थेचे कागद, ज्यात वांगडांप्रमाणे, म्हणजे घराण्यांच्या शाखांप्रमाणे नावं लागतात.

३. सातबारापासून मागे चालत जा

नवख्या माणसाने सरकारी शोधाची सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. जमीन माणसाला सोडून जात नाही आणि माणूस मेला की तलाठ्याकडे वारस नोंद लागते.

पद्धत सोपी आहे. घरच्या कुठल्याही जुन्या जमिनीचा सातबारा घ्या. नावांच्या आसपास गोल कंसात किंवा वर्तुळात आकडे दिसतात, ते फेरफाराचे, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदीचे क्रमांक. त्यातल्या सर्वांत जुन्या क्रमांकाची नक्कल मागा. ती वाचली की तिच्या आधीचा खातेदार कळतो. मग त्याच्या नावचा हस्तलिखित सातबारा, त्यावरचे फेरफार, असं मागे मागे जायचं. वारसाचा फेरफार म्हणजे सोनं. अमुक खातेदार अमुक तारखेस मयत, वारस पुढीलप्रमाणे, असं म्हणून मुलं, विधवा, कधी नातवंडं, वयासकट दिलेली असतात. वारस नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६-क, वेगळी असते. तीही मागा.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली झाला. त्यामुळे आपल्या भागात फेरफाराची साखळी साधारण तिथपर्यंत जाते. त्याच्याही मागे जायचं तर भूमी अभिलेख कार्यालयात जुन्या मोजणीचे कागद आहेत: सूड उतारा, फाळणी, आकारफोड. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात कडईपत्रकही विचारा.

इथे जे खड्डे आहेत ते नीट समजून घ्या.

पहिला, गट नंबर. १९४७ च्या कायद्याने जमिनींचं एकत्रीकरण झालं आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. ज्या गावात योजना झाली तिथे आजचा गट नंबर घेऊन जुन्या वहीत शोधलात तर परक्याची जमीन हाती लागते. आधी एकत्रीकरण योजनेचा उतारा काढून जुना सर्व्हे नंबर मिळवा.

दुसरा, मुली. हिंदू वारसा कायदा १९५६ साली आला. त्याआधीच्या वारस फेरफारात मुली बहुधा नसतात. फेरफारात मुलगी नाही म्हणजे त्या माणसाला मुलगी नव्हती असा अर्थ काढू नका. १९५६ नंतरच्या फेरफारांत मात्र लग्न झालेल्या मुलींची नावं सासरच्या गावासकट सापडतात, कधी वारसांत तर कधी हक्कसोडपत्राच्या नोंदीत.

तिसरा, एकत्र कुटुंब. "ए. कु. मॅ." असं नावापुढे असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आहे, जमीन भावांचीही असू शकते. सातबारावर एकच नाव दिसलं म्हणून बाकीचे भाऊ पुसून टाकू नका.

चौथी गोष्ट खड्डा नाही, दरवाजा आहे. "अ. पा. क." म्हणजे अज्ञान (अल्पवयीन) मुलांचा पालनकर्ता. बाप गेला तेव्हा मुलं लहान असतील तर त्यांच्या नावापुढे पालनकर्ता म्हणून कुणाचं तरी नाव लागतं, आणि कैकदा ती आई असते. घराण्यातल्या बायकांची नावं शोधणाऱ्याने आधी अकाली गेलेल्या पुरुषांचे फेरफार काढावेत.

मला १९१९ सालचा आमचा फेरफार पहिल्याच वर्षी मिळाला होता. तो मोडीत होता. मला वाचता येईना, मी तो फाईलमध्ये लावून ठेवला.

जाताना सोबत ठेवायचं ते हे:

– सगळ्या जमिनींचे चालू सातबारा आणि ८-अ (खात्याचे) उतारे
– आधार कार्डाची प्रत, आणि आजोबांशी आपलं नातं दाखवणारा एखादा कागद (वडिलांचा शाळेचा दाखला चालतो)
– नक्कल अर्जाच्या चार-पाच प्रती. प्रत्येकात गाव, सर्व्हे नंबर, फेरफार क्रमांक स्पष्ट
– कोर्ट फी स्टॅम्प
– एक जाड वही. सुटे कागद हरवतात
– भिंग, पेन्सिल, पाण्याची बाटली आणि दिवसभराचा वेळ

"माझ्या पूर्वजांचे सर्व कागद मिळावेत" असा अर्ज कधी करू नका. तो परत येतो. नेमका क्रमांक नसेल तर आधी अभिलेख कक्षात वही पाहण्याची परवानगी मागा. मला एका कार्यालयात "वही जीर्ण आहे, देता येणार नाही" असं तीनदा सांगितलं गेलं. चौथ्यांदा माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा स्टॅम्प लावून दिला, तेव्हा त्यांनी वही टेबलावर आणून ठेवली, पानं सुद्धा त्यांच्याच माणसाने हलक्या हाताने उलटून दाखवली. घरबसल्या पाहायचं तर महाभूमीच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर अनेक तालुक्यांचे जुने सातबारा, फेरफार आणि जन्म-मृत्यू नोंदी स्कॅन करून ठेवल्या आहेत. शिवाय २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, त्या कामात सापडलेले कागद जिल्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळांवर गावनिहाय चढवले आहेत. जातीच्या दाखल्याशी तुमचा संबंध नसला तरी आपलं गाव तिथे जरूर पाहा. कारागृह, पोलीस, नोंदणी अशा जिथे एरवी कुणी पाहत नाही त्या खात्यांची दप्तरंही त्या शोधात उघडली गेली.

४. कोतवाल बुक

गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. आपल्याकडे तिला सरसकट कोतवाल बुकच म्हणतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते. त्यात तारीख, बापाचं नाव, कधी आजोबाचं, जात, आणि मृत्यू असेल तर वय आणि कारण असतं.

पहिल्यांदा पाहणाऱ्याची इथे निराशा होते, कारण जन्माच्या रकान्यात बाळाचं नावच बहुधा नसतं. नुसतं "मुलगा" किंवा "मुलगी". बारशाच्या आधीच नोंद लागलेली असायची. तेव्हा शोध बापाच्या नावाने घ्यायचा आणि कुठला मुलगा कुठला, हे वयाच्या हिशोबाने लावायचं.

मृत्यूच्या नोंदी मात्र सावकाश वाचा. पटकी, देवी, गाठीचा ताप, खोकला. १८९६ पासून प्लेगने आणि १९१८ च्या साथीने काय केलं, हे इतिहासाच्या पुस्तकात वाचलेलं असतं. पण आपल्या गावाच्या वहीत १९१८ च्या ऑक्टोबर महिन्याची पानं उलटताना, एकाखाली एक "ताप", "ताप", "ताप" असं उतरत जातं, आणि त्यात आपलं आडनाव दोनदा, तिसऱ्यांदा येतं, तेव्हा हात थांबतो. माझे पणजोबा त्या पानावर आहेत. वय ३५. त्यांच्या वर दोन ओळींवर एक मुलगी, वय ४, बापाच्या रकान्यात त्यांचंच नाव. आजोबांना बहीण होती हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं.

नावांकडेही लक्ष द्या. दगडू, धोंडू, कचरू, केरबा, भिकू ही नावं उगीच ठेवलेली नसतात. आधीची मुलं जगली नाहीत की दृष्ट लागू नये म्हणून असं नाव ठेवत. असं नाव दिसलं की त्याच बापाच्या नावाने आधीच्या पाच-सात वर्षांतले मृत्यू पाहा. मी पाहिले. दोन सापडले.

५. शाळा

प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर मागा. त्यातला प्रवेश-निर्गम उतारा मुख्याध्यापक देतात. जुन्या शाळांत शंभर वर्षांपूर्वीच्या वह्या आहेत. जन्मतारखेवर विसंबू नका. जन्मतारीख १ जून असलेले आजोबा घराघरात सापडतील. जूनमध्ये शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली ती तारीख.

जात पडताळणीसाठी शोधणाऱ्यांनी मानीव तारखा लक्षात ठेवाव्यात: अनुसूचित जाती १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमाती ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमाती २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेच्या आधीचा कागद हवा, आणि तुमच्यापासून त्या माणसापर्यंतची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर. कागद एकापाशी आणि वंशावळ दुसऱ्याच माणसापाशी जाते, असं झालं की प्रकरण अडकतं.

६. मोडी शिका

हे वाचून घाबरू नका. मोडी तीन महिन्यांत ओळखीची होते. मला रोज अर्धा तास देऊन एवढाच वेळ लागला. पुराभिलेख विभाग आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतात. पैसे देऊन लिप्यंतर करून घेता येतं आणि सरकारी कामाला ते लागतंच. पण शंभर पानांतून आपलं पान ओळखायला स्वतःचेच डोळे हवेत.

मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची. त्यामुळे शब्द सुटे नसतात, विरामचिन्हं नसतात, ह्रस्व-दीर्घाचा भेद नसतो. तुम्ही आधी सगळं वाचायला जाऊ नका. फक्त नात्याचे शब्द ओळखायला शिका:

– बिन, वलद: चा मुलगा. "राणोजी बिन सटवोजी" म्हणजे सटवोजीचा मुलगा राणोजी
– कोम, भ्रतार: पुढे येतं ते नवऱ्याचं नाव
– मौजे: गाव, त्यापुढे तर्फ, परगणा किंवा प्रांत येतो
– तक्षीम: वतनातला वाटा. थोरली तक्षीम, धाकटी तक्षीम यावरून भावांच्या शाखा कळतात
– मोहतूर किंवा पाट: पुनर्विवाह. "लग्नाची" आणि "पाटाची" बायको वेगळी लिहिलेली असते
– दस्तुर खुद्द: स्वतःच्या हातचं, निशाणी: सहीच्या जागची खूण

मग सन. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं (जानेवारी ते फाल्गुन अखेर ७९). विक्रम संवतातून ५७ वजा करा. फसलीत ५९० मिळवा. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन असतो, तो मृगाला सुरू होतो; त्यात ५९९ मिळवायचे. सुहूर सन आकड्यांत न लिहिता अरबी शब्दांत लिहीत, एकक आधी. "इसन्ने सबैन मया व अलफ" म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार: ११७२. त्यात ५९९ मिळवले की १७७१-७२. हा हिशोब एकदा हातात बसला की मजा येते.

वर्ग संपल्यावर घरी येऊन मी पहिला कागद काढला तो १९१९ चा फेरफार. मयत खातेदार, म्हणजे पणजोबा. वारस दोन मुलगे, वय ६ आणि वय ३. पुढे अ. पा. क. आई, आणि आईचं नाव. चार वर्षं ते नाव माझ्या कपाटात होतं. रात्री साडेअकराला चुलत्यांना फोन केला. त्यांनी नाव दोनदा म्हणायला लावलं.

७. नामावळी, हेळवी, भाट

यात्रेला गेलेल्या माणसाची नोंद तीर्थोपाध्यायांकडे राहते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया, हरिद्वार. नाशिकला रामकुंडावर उभं राहून मूळ गाव, तालुका, आडनाव आणि जात सांगा. तुमच्या गावाचे उपाध्ये कोण, हे तिथली मंडळी दाखवून देतात. मूळ गाव सांगायचं, आज राहता ते शहर नव्हे. नामावळीत यात्रेकरूचं नाव, बापाचं, भावांचं, मुलांचं, गाव आणि तिथी असते. जुनं पान दाखवा म्हणून अदबीने विचारा, फोटो काढण्याआधी परवानगी घ्या, दक्षिणा मनापासून द्या. या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं नसतं तर हे काहीच उरलं नसतं.

आमच्या उपाध्यांच्या वहीत शके १८१८ चं पान निघालं. खापरपणजोबांना लिहिता येत नव्हतं. कुणीतरी त्यांचं नाव, बापाचं नाव आणि "भाऊ दोन, पुत्र एक" असं लिहून खाली "निशाणी नांगर" म्हटलंय, आणि शेजारी शाईने काढलेला बोटभर नांगर. ईस, म्हणजे नांगराचा लांब दांडा, थोडी वाकडी आहे. रेघ एका जागी थांबून पुन्हा सुरू झाली आहे, तिथे शाईचा ठिपका पडलाय. ज्यांनी आयुष्यभर नांगर धरला त्यांनी हातात बोरू धरून काढलेला तो नांगर होता.

याच पानाने माझी दोन वर्षांची चूक दुरुस्त केली. आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवतात. दोन भावांनी आपापल्या मुलाला एकाच आजोबाचं नाव ठेवलं, की एका गावात, एका आडनावाचे, एका नावाचे आणि साधारण एका वयाचे दोन चुलतभाऊ तयार होतात. मी त्यांतला चुकीचा निवडला होता. बापाचं नाव वेगळं होतं, पण माझ्या हातातल्या एका उताऱ्यावर ते नव्हतंच आणि मी घाईने जोड लावून टाकली होती. नामावळीत बापाचं नाव आलं, मग सर्व्हे नंबरचा पोटहिस्सा तपासला, तो आमच्याच शेताचा निघाला.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि बेळगाव भागातल्यांनी हेळव्यांची चौकशी करावी. सुगी झाल्यावर बैल घेऊन हे लोक ठरलेल्या घरी येतात आणि मूळपुरुषापासून कूळ वाचून दाखवतात. पुढच्या जन्मांची नोंद वहीत घालून, धान्य आणि दान घेऊन जातात. आले की वाचन भरून घ्या. काही मराठा घराण्यांकडे भाट येतात, तेही वह्या ठेवतात. मूळपुरुषाच्या आसपासची पिढी मात्र सगळीकडे थोडी शंकेने घ्या. तिथे कूळ एखाद्या मोठ्या राजघराण्याला नेऊन जोडण्याचा मोह असतो. कागद मिळेपर्यंत त्या पिढ्या पेन्सिलीने लिहाव्यात.

८. पुराभिलेखागार सगळ्यात शेवटी

पुण्याचं पेशवे दप्तर हे नाव ऐकून अनेकजण थेट तिथे जातात आणि दोन दिवसांत हात हलवत परततात. तिथे कोट्यवधी मोडी कागद आहेत, रुमालांत बांधलेले. गाव, परगणा आणि अंदाजे साल माहीत असल्याशिवाय जाऊ नका. मात्र तुमच्या घराण्याकडे पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी किंवा इनाम असेल तर जायलाच हवं. इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन नेमलं आणि इनाम खरं का खोटं हे तपासताना प्रत्येकाकडून कैफियत आणि वंशावळ घेतली. त्या वंशावळी आज आपल्यासाठी ठेवा आहेत. १८७४ च्या वतन कायद्याखालची वतन रजिस्टरंही पाहा. एवढं लक्षात असू द्या की हक्क मिळवण्यासाठी दिलेल्या वंशावळीत ज्या शाखेशी भांडण होतं ती शाखा कधी कधी गाळलेली असते. तिचा कागद शेजारच्याच रुमालात सापडू शकतो.

मुंबई, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथेही पुराभिलेखागारं आहेत. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ खानदेशसाठी विचारा. तंजावरच्या मराठी घराण्यांचे मोडी कागद तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज असाल तर मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आगमनाच्या नोंदी आहेत; तिथे प्रत्येक मजुराला क्रमांक होता, तो घेऊन गेलात तर काम लवकर होतं.

९. तक्ता लिहिताना

प्रत्येक नावाखाली कागदाचं नाव, क्रमांक आणि साल लिहा. आधार नसलेल्या दुव्याला तुटक रेघ. दत्तक मुलाला दोन्ही घरांत दाखवा, नाहीतर पुढच्या माणसाला तो दोन वेगळी माणसं वाटेल. दोन बायका असतील तर कुठलं मूल कुणाचं ते लिहा. जुन्या कागदात आडनाव नसणं किंवा आडनावाऐवजी "पाटील", "चौगुला" असा हुद्दा असणं नेहमीचं आहे, त्याने गडबडू नका. भावकीत नको असलेलं काही निघालं तर घाईने सगळ्यांना पाठवू नका. आधी त्या घरातल्या थोरल्या माणसाला एकट्याला दाखवा.

तक्ता पुरा झाल्यावर मी पुन्हा नाशिकला गेलो. उपाध्यांनी आमची वही काढली, कोरं पान उघडलं आणि विचारलं, कोणाकोणाची नावं घालायची? शके १८१८ पासूनच्या आमच्या पानांवर एकाही बाईचं नाव नव्हतं. मी पणजीचं सांगितलं. मग आजी, आई, माझी बायको, लेक, वडिलांची चुलत आत्या, आणि शेवटी १९१८ च्या ऑक्टोबरात गेलेली चार वर्षांची मुलगी. तिचं नाव अजून सापडलेलं नाही. त्यांनी तेवढी जागा मोकळी सोडली आहे.